गुलमर्गच्या वाटेवर डिजिटॅलिस शोधताना

डी. फार्म. केलेल्या कुणालाही डिजिटॅलिस, म्हणजे हृदयाच्या औषधाचं फॉक्सग्लोव्ह, ओळखता येतो, फक्त तो भुकटी होऊन काचपट्टीवर यायला हवा. पानावरचे साधे, फांद्या न फुटलेले केस. कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक शोधूनही सापडत नाहीत. केलर-किलियानी ही रासायनिक चाचणी केली की दोन द्रवांच्या सीमेवर तांबूस तपकिरी कडं उमटतं आणि वरचा थर हळूहळू निळसर हिरवा होतो. प्रॅक्टिकलच्या वहीत हे सगळं मी सुबक आकृत्यांसह उतरवलं होतं. झाड मात्र कधी पाहिलं नव्हतं. कऱ्हाडात पाहणार तरी कुठे? डिजिटॅलिसची एकही जात मूळ भारतातली नाही. दार्जिलिंग, निलगिरी, हिमाचल, काश्मीर इथे तो दिसतो तो माणसांनी आणला म्हणून. कुणी बागेच्या हौसेसाठी आणला, कुणी औषधासाठी, आणि मग तो आपल्या पायांनी कुंपणाबाहेर गेला.

आमच्या वन्सं वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आहेत. काश्मीरला जायचं ठरल्यावर त्यांनी एकच अट घातली. "फोटो पॉइंट तुम्ही बघा, मी रस्त्याच्या कडेचं बघणार." यांची काहीच हरकत नव्हती, कारण यांचं लक्ष वाझवानवर, म्हणजे काश्मिरी मेजवानीवर होतं. तिकिटं, गाडी, राहणं सगळं लेकाने फोनवरून जमवलं आणि सगळं सुरळीत झालं, तेव्हा त्यावर शाई खर्च करत नाही.

श्रीनगर, पोहोचल्याची संध्याकाळ

जूनचा तिसरा आठवडा. श्रीनगर साधारण १,५८५ मीटर उंचीवर, म्हणून स्वेटर हातात घेऊन उतरलो, तर बाहेर कऱ्हाडच्या फेब्रुवारीतल्या दुपारीइतकं ऊन. खोलीवर सामान टाकून थेट चश्मेशाही गाठली. शहाजहानच्या काळात, १६३२ साली बांधलेली ही बाग मोगल बागांमध्ये सगळ्यात छोटी, पण झऱ्याचं पाणी इतकं गार की दोन ओंजळी प्यायल्यावर दात शिवशिवतात. लोक बाटल्या भरून नेत होते. आम्हीही भरली.

डिजिटॅलिस पायऱ्यांच्या बाजूच्या वाफ्यातच होता. छातीइतक्या उंच दांड्या, त्यांवर गुलाबी, पांढऱ्या, एकीवर तर जर्दाळूच्या रंगाच्या फुलांची रांग. तिळाचं शेत पाहिलेल्या माणसाला हे फूल परकं वाटणार नाही. तीच लोंबती नळी, तसाच पुढे आलेला खालचा ओठ, फक्त आकार दुप्पट आणि आतल्या बाजूला गडद ठिपके. मी हरखून मोबाइल काढला. वन्सं म्हणाल्या, "थांब. आधी दांडीभोवती एक चक्कर मार."

चक्कर मारली. फुलं दांडीच्या चारही बाजूंना होती आणि बऱ्यापैकी आडवी, समोर बघणारी. वन्संच्या मते हाच पहिला पुरावा. मूळ रानातल्या डिजिटॅलिस पर्प्युरियाची फुलं दांडीच्या एकाच बाजूला वळून खाली झुकतात. बागवाल्यांना तसं नको असतं. दांडी सगळीकडून भरलेली दिसावी आणि फुलाच्या आतले ठिपके वाकून न बघता दिसावेत, म्हणून त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करत चौफेर फुलणारे वाण तयार केले. जर्दाळू रंगही बागेचाच. "म्हणजे ही शिकलेली मुलं," वन्सं म्हणाल्या. "न शिकलेली वर भेटतील."

एका दांडीच्या अगदी टोकाला चमत्कारिक प्रकार होता. खालची फुलं नेहमीसारखी नळीची, पण शेंड्यावर एकच मोठं, गोल, वाडग्यासारखं उघडलेलं फूल, आकाशाकडे तोंड केलेलं. शेजारच्या पर्यटक कुटुंबाला वाटलं कुणीतरी दुसरं फूल खोचून ठेवलंय. हा डिजिटॅलिसमधला जुना, माहीत असलेला जनुकीय विकार आहे. त्यात शेंड्याचं फूल डावं-उजवं, वर-खाली हा भेद विसरतं आणि सगळीकडून सारखं वाढतं. बियांतून तो पुढच्या पिढीत उतरतो, म्हणून काही बागांमध्ये तो मुद्दाम जपतात.

इथल्या माळीचाचांशी वन्संची लगेच गट्टी जमली. तेही तिकडून खुरपं घेऊन आले. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मी वहीत लिहून घेतली. रोपं लहान असतानाच पुढे फूल पांढरं येणार की गुलाबी याचा अंदाज ते देठ बघून घेतात. देठावर आणि मधल्या शिरेवर तांबूस झाक असली तर गुलाबी-जांभळं, झाक नसून देठ स्वच्छ हिरवा असला तर पांढरं. पांढऱ्यांचा वेगळा वाफा करायचा असेल तर तांबूस देठाची रोपं उपटून टाकायची. फुलं संपत आली की ते मधली दांडी कापतात, मग बगलेतून छोट्या दांड्या फुटतात आणि बहर थोडा लांबतो. बी धरायला मात्र काही दांड्या सोडाव्या लागतात. "नहीं काटो तो अगले साल लॉन में निकल आता है," असं म्हणून त्यांनी हिरवळीतलं एक रोप पायाने दाखवलं.

दुसरा दिवस, पाऊस

सकाळी कांदरच्या, म्हणजे रोटीवाल्याच्या दुकानातून गरम गिरदा रोटी आणली, सोबत नून चहा. गुलाबी, खारट चहा यांना काही झेपला नाही. वन्सं दोन कप प्यायल्या. नंतर दुपारपर्यंत पाऊस. संध्याकाळी निशात बागेत गेलो. आसफ खानाने १६३३ साली घडवलेली, सरोवरापासून डोंगराकडे बारा टप्प्यांत चढत जाणारी ही बाग पाहण्यासारखी आहेच, पण आमच्या कामाचं तिथे फारसं काही मिळालं नाही. डिजिटॅलिसचा बहर उतरणीला लागला होता. दांडीच्या खालच्या बाजूला बोंडं फुगलेली, टोकाला दोन-चार फुलं शिल्लक. एक वाळकं बोंड वन्संनी तळहातावर फोडलं. बी इतकं बारीक की मिलिमीटरभरही नाही, आणि एका बोंडात शेकड्यांनी. एका दांडीवर अशी कितीतरी बोंडं असतात, तेव्हा एका झाडाचा हिशेब हजारोंच्या घरात जातो.

हे बी मातीत खोल गेलं तर रुजत नाही, त्याला उजेड लागतो. वन्संनी हे निशातमध्ये सांगितलं तेव्हा मी फक्त मान डोलावली. दुसऱ्या दिवशी टंगमर्गच्या रस्त्यावर त्याचा अर्थ कळला.

फुलांसाठीच जाणार असाल तर हे लक्षात ठेवा. श्रीनगरच्या बागांमध्ये डिजिटॅलिस बघायचा असेल तर मेच्या शेवटी जा. जूनच्या अखेरीस खाली बोंडं, टंगमर्गला ऐन बहर आणि गुलमर्गला कळ्या, असं एकाच आठवड्यात तिन्ही बघायला मिळतं. ओळख पटवायची असेल तर ही दुसरी वेळ जास्त चांगली, कारण फूल, फळ आणि कळी तिन्हींची तुलना करता येते.

टंगमर्ग आणि द्रंग

श्रीनगरहून टंगमर्ग चाळीसेक किलोमीटर. मागमपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची लावणी चालली होती. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका आणि मागे सफेद्याच्या झाडांच्या सरळ रांगा. यांना कोकणातलं आजोळ आठवलं आणि त्यांनी गाडी थांबवून पाच मिनिटं नुसतं बघत उभं राहायचं ठरवलं. चालकदादांनी ओळखीच्या शेतावरून आमच्यासाठी नून चहा मागवला, तोही यांना आनंदाने प्यावा लागला.

टंगमर्ग दोन हजार मीटरच्या थोडं वर. राहायला एका कुटुंबाकडे वरची खोली घेतली होती. घरच्या बाईंना गावात सगळे आपा म्हणत, आम्हीही म्हणायला लागलो. जेवून द्रंगच्या धबधब्याकडे चालत निघालो. फिरोजपूर नाल्याच्या कडेने रस्ता जातो, पाणी दुधाळ निळं, आवाज इतका की बोलायला ओरडावं लागतं.

रस्ता रुंद करताना डोंगर कापलेला होता. त्या उघड्या मातीवर, एका वळणावर, डिजिटॅलिस उभा होता. एक-दोन नव्हे, सगळा उतार. माणसाच्या उंचीच्या दांड्या, बहुतेक गर्द गुलाबी जांभळ्या, अधूनमधून पांढऱ्या, आणि सगळी फुलं दरीच्या बाजूला, उजेडाकडे तोंड करून एकाच अंगाला झुकलेली. परवा बागेत पाहिलेली चारही बाजूंची फुलं इथे औषधालाही नव्हती. दांड्यांच्या पायाशी पहिल्या वर्षाची रोपं, फुलाविना नुसता पानांचा पसरट घेर. हे झाड दोन वर्षांचं. पहिल्या वर्षी पानं करतं, हिवाळा बर्फाखाली काढतं, दुसऱ्या वर्षी दांडी काढून फुलतं, बी टाकतं आणि बहुतेक वेळा मरतं. म्हणजे एकाच जागी घेर आणि दांड्या दोन्ही दिसल्या तर समजायचं की इथे कुणी लावलेलं नाही, झाड स्वतःच पिढ्या चालवतंय.

आणि तो उजेडाचा मुद्दा इथे उलगडला. गर्द देवदाराखाली एकही झाड नव्हतं. जिथे माती उकरलेली, दरड पडलेली, झाड तोडलेलं, तिथेच डिजिटॅलिस. वन्सं त्याला "मोकळ्या जागेचा भाडेकरू" म्हणतात. वर जंगल परत दाट झालं की तो निघून जातो, पण मातीत त्याचं बी वाट बघत राहतं.

आता माझी पाळी होती. दहापट मोठं दाखवणारं भिंग काढून मी पान उलटं केलं. वरून पान सुरकुतलेलं, फिक्या हिरव्या रंगाचं, कडा बोथट दातेऱ्या. खालून करडं, मऊ लवीने झाकलेलं, आणि शिरांचं जाळं इतकं उठावदार की बोटाला लागतं. पानाचा तळ देठावर दोन्ही बाजूंनी पट्टीसारखा उतरलेला. भिंगाखाली केस सरळ, साधे. इतकी वर्षं काचपट्टीवर पाहिलेले केस जिवंत पानावर बघताना मी एकटीच हसत होते.

पन्नास पावलांवर दुसरा घेर दिसला. जाड, पांढुरकी, गोधडीइतकी मऊ पानं. यांनी उत्साहाने "हा बघा अजून एक!" म्हटलं. तो वर्बॅस्कम थॅप्सस होता, काश्मीरच्या रस्त्यांवर सगळीकडे दिसणारा. औषधनिर्माणशास्त्राच्या पुस्तकात डिजिटॅलिसच्या पानात भेसळ म्हणून याचंच नाव असतं, आणि ओळखायची खूणही तीच. भिंगातून बघितलं तर वर्बॅस्कमच्या केसांना झुंबरासारख्या फांद्या असतात. भिंग नसलं तरी चालतं. वर्बॅस्कमचं पान दोन्ही बाजूंनी सारखंच लोकरी असतं, कडेला दाते नसतात आणि दांडी आल्यावर पानाचा तळ दांडीवर खाली धावत जातो. भेसळीत येणारं दुसरं झाड म्हणजे कॉम्फ्रे. त्याचं पान मऊ नसतं, खरखरीत, टोचरं असतं.

फुलांवर बंबलबी होते, गुबगुबीत, केसाळ. बराच वेळ आम्ही त्यांचाच तमाशा बघत बसलो. प्रत्येक जण दांडीच्या सगळ्यात खालच्या फुलापासून सुरुवात करतो आणि एकेक पायरी वर चढतो, मग उडून दुसऱ्या दांडीच्या तळाशी जातो. खालची फुलं आधी उमललेली, त्यांच्यात परागांचं काम संपून कुक्षी तयार असते. वरच्या ताज्या फुलांमध्ये पराग असतात. त्यामुळे भुंगा वरून पराग घेऊन निघतो आणि पुढच्या झाडाच्या खालच्या फुलात तो पोहोचवतो. युरोपातून आलेल्या झाडाला इथले भुंगे अगदी घरचे असल्यासारखे कामाला आले आहेत, आणि ते इथे टिकण्याचं हे एक मोठं कारण असावं.

तेवढ्यात एक गुज्जर मुलगा मेंढ्या घेऊन आला. मेंढ्या उतारावरचं गवत, झुडपं, सगळं ओरबाडत वर गेल्या. डिजिटॅलिसच्या एकाही पानाला तोंड लावलं नाही. मी विचारलं तर तो म्हणाला, "ये कड़वा है. इसको कोई नहीं खाता." एवढं बोलून तो निघून गेला. त्याला आमच्यापेक्षा मेंढ्यांची काळजी जास्त होती.

रात्री आपांनी वोपल हाख केला होता. जंगलातून खुडून आणलेली, वाळवून ठेवलेली पालेभाजी, मोहरीच्या तेलात, लाल मिरचीवर. थोडा कडसर, थोडा मातकट स्वाद, गरम भाताबरोबर अप्रतिम. वसंतात बर्फ वितळलं की बायका ही भाजी खुडायला रानात जातात. वन्संनी फोनवरचा डिजिटॅलिसच्या घेराचा फोटो दाखवून विचारलं, हे कधी चुकून भाजीत येत नाही का? आपा म्हणाल्या, हात लावला की कळतं, आणि मुलींना एकटं पाठवत नाहीत, आधी दोन-तीन वर्षं आईबरोबर जायचं. फुलं नसताना घेर बघून निर्णय घ्यायची वेळ येते तेव्हा हीच रीत खरी. ज्यांना असं घरचं शिक्षण नाही, म्हणजे आपण सगळे, त्यांनी डोंगरात अनोळखी पानं तोंडात घालू नयेत. डिजिटॅलिसचं पान, फूल, बी सगळंच विषारी आहे. फुलदाणीत ठेवलं तर त्या पाण्यातही विष उतरतं. लहान मुलं बरोबर असतील तर फुलं बोटांवर टोपीसारखी घालून खेळायचा मोह त्यांना होणारच, नंतर हात धुवायला लावा.

यारीखा

दुसऱ्या दिवशी सकाळी टंगमर्गजवळच्या यारीख्याला गेलो. जम्मूच्या संशोधन संस्थेचं औषधी वनस्पतींचं जुनं क्षेत्र इथे आहे. ही संस्था १९४१ साली औषध संशोधन प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली, भारतीय औषधशास्त्राचे जनक मानले जाणारे सर राम नाथ चोप्रा तिचे पहिले प्रमुख. १९५७ साली ती सीएसआयआर या केंद्रीय संशोधन परिषदेकडे आली. आत जायचा आमचा बेत नव्हता. कुंपणाबाहेर काय निसटलंय तेच बघायचं होतं.

पर्प्युरिया कुंपणाच्या दोन्ही बाजूंना होता. पण वन्सं ज्याच्या शोधात होत्या तो सापडायला दुपार झाली. कोरड्या, दगडी बांधावर कंबरभर उंचीच्या, बारीक दांड्या. लांबून बघितलं तर वाळून गेलेलं काहीतरी आहे असंच वाटावं, कारण रंग म्हणजे मळकट पांढरा आणि तपकिरी. जवळ गेल्यावर मात्र नजर हलत नाही. फूल इंच-दीड इंचाच्या आतलं, फुगीर, पिवळसर करडं, त्यावर तपकिरी जांभळ्या शिरांची नक्षी, आणि खालचा ओठ जिभेसारखा लांब, स्वच्छ पांढरा. दांडीचा वरचा भाग आणि फुलाखालची हिरवी दलं लोकरीसारख्या लवीने भरलेली. पानं मात्र याच्या उलट: अरुंद, लांब, गुळगुळीत, कडेला दाते नाहीत. पर्प्युरियाची पानं लवदार आणि फुलोऱ्याचा देठ त्या मानाने साधा, याची पानं गुळगुळीत आणि फुलोरा लोकरी. फुलंही चारही बाजूंना. हा डिजिटॅलिस लॅनाटा, बाल्कन प्रदेशातला.

आता काउंटरमागच्या बाईला थोडं बोलू द्या. सगळे पर्यटक गुलाबी फुलाचे फोटो काढतात, पण माझ्या औषधाच्या दुकानातून जी गोळी जाते ती या कळकट दिसणाऱ्या भावाची. १९३० साली सिडनी स्मिथ या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञाने लॅनाटाच्या पानांतून डिगॉक्सिन हे हृदयावरचं औषध वेगळं केलं. गोळीत ते असतं फक्त ०.२५ मिलिग्रॅम. त्याआधी पर्प्युरियाच्या पानांचा काढा, नंतर पानांची भुकटी वापरत. विल्यम विदरिंग या डॉक्टरने १७७५ च्या सुमारास श्रॉपशरमधल्या एका म्हाताऱ्या वैदू बाईचा अंगावरच्या सुजेवरचा काढा तपासला, त्यातल्या अनेक झाडपाल्यांमधून गुण देणारं झाड हे एकच आहे हे ओळखलं आणि दहा वर्षांच्या नोंदी १७८५ साली छापल्या. पानांचा त्रास असा की प्रत्येक खेपेची ताकद वेगळी. पान खुडल्यावर लगेच, ६० अंशांच्या आत वाळवायचं, ओलावा ५ टक्क्यांवर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर आतली विकरंच औषधाचे तुकडे करतात. आणि एवढं करूनही ताकद मोजायला बेडूक, मांजर, कबुतर यांच्यावर प्रयोग करावे लागत. उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यात अंतर फार कमी. म्हणून आजही आमच्याकडे या गोळीची चिठ्ठी येते तेव्हा कित्येक डॉक्टरांनी तिच्यावर "शनि-रवि नाही" असं लिहिलेलं असतं, आणि येणारे आजोबा न चुकता विचारतात, "या गोळीला सुट्टी का असते?" मळमळ, भूक मरणं, सगळं पिवळट दिसणं असं काही सांगितलं तर मी त्यांना घरी न पाठवता डॉक्टरांकडे पाठवते.

मी हे सगळं बांधावर बसून सांगितलं. चालकदादांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, त्यांच्या अब्बांची पण अशीच एक छोटी गोळी आहे. गोळीचं नाव त्यांना आठवेना. मग त्यांनी झाडाचा फोटो काढून घरी पाठवला.

गुलमर्ग

टंगमर्ग ते गुलमर्ग फक्त बारा-तेरा किलोमीटर, पण चढ असा की २,६५० मीटरवर पोहोचताना एका तासात मे महिना मागे जाऊन मार्च लागतो. धुकं, भुरभुर पाऊस, बोटं बधिर. हे ऑनलाइन आधीच काढलेल्या तिकिटावर गोंडोलाने, म्हणजे तिथल्या रोपवेने वर गेले. त्यांना वर धुक्याशिवाय काही दिसलं नाही, तरी ते खूश होते. गोंडोलाचं तिकीट मात्र घरूनच काढून न्या, तिथे ऐनवेळी मिळेल या भरवशावर राहू नका.

वन्सं आणि मी बाहेरच्या गोल रस्त्यावर चालायला निघालो. हा अकरा किलोमीटरचा रस्ता देवदार, कायरू (पाइन) आणि बुदुल (फर) यांच्या जंगलातून गुलमर्गच्या कुरणाला वळसा घालतो, हवा स्वच्छ असेल तर तिथून नंगा पर्वत दिसतो. आम्हाला वीस फुटांपलीकडचं झाड दिसत नव्हतं. पर्प्युरिया इथेही होता, तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांपाशी आणि रस्त्याच्या कापात, पण नुसत्या हिरव्या कळ्या, वाकलेल्या शेंड्यांच्या. खाली मेंढ्यांनी न खाल्लेलं झाड इथे माकडांनीही सोडलं होतं.

एका जुन्या लाकडी बंगल्याच्या बागेत आम्हाला पिवळा मिळाला. फिकट लोण्याच्या रंगाचं, मोठं, झुकलेलं फूल. वन्सं पटकन नाव घेत नाहीत. पिवळा डिजिटॅलिस म्हटलं की दोन शक्यता. ल्युटियाचं फूल छोटं, अरुंद, दोन सेंटिमीटरच्या आसपास आणि बाहेरून लव नसलेलं. ग्रँडिफ्लोराचं चार-पाच सेंटिमीटर, फुगीर, आत तपकिरी शिरांची जाळी, बाहेरून चिकट लव, पान वरून चकचकीत हिरवं आणि बारीक दातेरी. पट्टी लावली, बोट लावलं, चिकटलं. ग्रँडिफ्लोरा. हा बहुवर्षायू आहे, दरवर्षी त्याच जागी येतो, म्हणून बागवाल्यांचा लाडका. कुंपणाबाहेर आम्ही बरंच शोधलं, एकही रोप दिसलं नाही. "मग हा फक्त लावलेला," वन्संनी वहीत लिहिलं. "पळालेला नाही."

हा भेद त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा. लावलेलं, कुंपणाबाहेर एखादं उगवलेलं, आणि माणसाच्या मदतीशिवाय पिढ्यान्‌पिढ्या टिकलेलं, या तीन वेगळ्या नोंदी आहेत. फुलाचा क्लोज-अप कितीही सुंदर आला तरी त्यातून हे कळत नाही. म्हणून त्यांच्याबरोबर फिरताना फोटो असे काढावे लागतात: आधी लांबून पूर्ण झाड आणि सभोवतालची जमीन, मग फुलोरा बाजूने, फुलाच्या तोंडातून आत, पानाची वरची बाजू, खालची बाजू, आणि शेवटी जवळचं घर किंवा कुंपण किती लांब आहे ते दिसेल असा एक. मी सुरुवातीला वैतागले, पण पाचव्या झाडापासून हाताला सवय झाली.

परदेशी झाड म्हणजे आक्रमक झाड असं एक समीकरण हल्ली झालंय. गुलमर्गच्या कुरणात ते समीकरण खरं ठरवणारं झाड वेगळंच आहे. पांढऱ्या पाकळ्यांची, पिवळ्या डोळ्याची ऑक्स-आय डेझी, तीही युरोपातलीच. कुरणाच्या कितीतरी भागात गवताऐवजी तीच पसरली आहे आणि पर्यटक तिच्यात लोळून रील काढतात. काश्मिरातल्या संशोधकांनी तिच्यावर बरंच काम केलंय. तिच्या तुलनेत डिजिटॅलिस उकरलेल्या मातीपुरता थांबतो, निदान आम्ही चाललो तेवढ्या रस्त्यावर तरी. पण रस्ते रुंद होत राहिले तर उकरलेली मातीही वाढत राहणार, हेही आहेच. आम्ही निघताना बुटांचे तळवे ब्रशने घासले. इतकं बारीक बी चिखलाबरोबर कुठेही जाऊ शकतं, आणि घरच्या कुंडीसाठी बोंडं खिशात घालायचा मोह आवरायला हवा. कऱ्हाडच्या उन्हात तो जगणार नाही, आणि महाबळेश्वरात जगला तर ती आणखी मोठी पंचाईत.

परतताना

शेवटच्या सकाळी ऊन पडलं. सेंट मेरी चर्चच्या खालच्या उतारावर, एका पडक्या कुंपणाजवळ, उशिरा का होईना एक फुललेली दांडी सापडली. फूल मोठं, रंग गुलाबी नव्हे आणि जांभळाही नव्हे, पिकलेल्या स्ट्रॉबेरीत दूध मिसळल्यासारखा. वन्सं एकदम गप्प झाल्या. इंग्लंडमधल्या मर्टन इथे जॉन इनेस संस्थेत पर्प्युरिया आणि ग्रँडिफ्लोरा यांचा संकर केला गेला होता. त्यात गुणसूत्रं दुप्पट झाली, ५६ ची ११२, त्यामुळे तो संकर असूनही बियांतून तसाच्या तसा उगवतो. रंग अगदी असाच. पण बागेतल्या पर्प्युरियाच्या फिकट वाणाची मुलंही अशी दिसू शकतात, आणि पानं मेंढ्यांनी नव्हे तर कुणाच्या तरी बुटांनी तुडवून चिखलात गेली होती. वन्संनी नाव लिहिलं नाही. "डिजिटॅलिस, गुलमर्ग, चर्चखालचा उतार, जात नक्की नाही" एवढंच लिहून वही मिटली.

यांनी श्रीनगरला पोहोचल्यावर रिस्ता, गुश्ताबा आणि तबकमाझ असं सगळं मागवून आपली सहल वसूल केली. तुमच्यापैकी कुणी जुलैत गुलमर्गला जाणार असेल तर चर्चच्या खाली, डाव्या हाताला पडकं कुंपण आहे. त्या झाडाच्या पानाचा फोटो काढा, खालच्या बाजूचा, आणि शेजारी पट्टी ठेवा. वन्सं अजून विचारतात.